झेरॉक्सच्या दुकानात राहिलेले आपले आधार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन फसवणुकीच्या बातम्या आपल्या अंकात रोज असतात. 'ओटीपी कोणाला देऊ नका' हा सल्ला तर आता आम्हा पेन्शनरांनाही तोंडपाठ झाला आहे. पण ओटीपी मागण्याआधीच भामट्याकडे आपले नाव, पत्ता, खाते क्रमांक कुठून आलेला असतो, हे फारसे कोणी विचारत नाही.

गेल्या महिन्यात आधारची प्रिंट काढायला कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. पद्धत सगळीकडची तीच. काउंटरवर चिकटवलेल्या नंबरवर व्हॉट्सॲप करायचे, मुलगा कॉम्प्युटरवर फाइल उघडून प्रिंट देतो. माझी फाइल शोधायला त्याने 'डाउनलोड्स' उघडले आणि मी बघतच राहिलो. कोणाचे पॅन कार्ड, कोणाचा कॅन्सल्ड चेक, कोणा मुलीचा लग्नाचा बायोडाटा, सातबारे. त्यातच आमच्या शेजाऱ्यांच्या पासबुकाचे पहिले पान, फोटोसकट! माझे तेवढे डिलीट कर म्हटले, तर म्हणाला, "काका, दिवसाला दोनशे येतात, कुठं डिलीट करत बसू?" मला त्याचा राग आला नाही. त्याला हे कोणी सांगितलेलेच नाही.

याच शेजाऱ्यांना दिवाळीनंतर 'तुमचे आधार मनी लाँडरिंगमध्ये सापडले आहे' असा व्हिडिओ कॉल आला होता. समोर खाकी वर्दी. डिजिटल अरेस्ट, म्हणजे व्हिडिओ कॉलवरची अटक, असे काही नसते, हे पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये सांगितले होते आणि यांनी ते ऐकलेही होते. तरी दीड तास खोलीचे दार लावून बसले. का, तर समोरच्याने खाते क्रमांक, शाखा, घरचा पत्ता धडाधडा वाचून दाखवला. इतके माहीत आहे म्हणजे पोलीसच, असे वाटले. चहा घेऊन आलेल्या सुनेला त्यांनी हातानेच बाहेर जा म्हणून खुणावले. ती गेली नाही, फोन ओढून बंद केला आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, म्हणून पैसे वाचले. माहिती त्या दुकानातूनच गेली असे मी म्हणणार नाही, तसा पुरावा नाही. पण ती जायला वाट होती, एवढे मी डोळ्यांनी पाहिले.

मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळूरु कार्यालयाने नेमके हेच सांगितले होते. आधारची झेरॉक्स सरसकट देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारे 'मास्क्ड आधार' द्या, कॅफेतल्या कॉम्प्युटरवर डाउनलोड केले तर पुसून टाका. गैरसमज होतील म्हणून दोन दिवसांत ते पत्रक मागे घेतले गेले. माझ्या मते ते मागे घ्यायला नको होते. काम झाल्यावर माहिती पुसावी, हे तत्त्व २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यातही आहे. ते झेरॉक्सच्या काउंटरपर्यंत कधी पोचणार?

आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि अंगठा एवढ्यावर खात्यातून पैसे काढता येतात, तिथे ओटीपी येत नाही. म्हणून आधारच्या संकेतस्थळावर बायोमेट्रिक लॉक करून ठेवावे. मात्र रेशनला किंवा नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याला जाताना ते आधी उघडावे लागते, नाहीतर रांगेत उभे राहून अंगठा लागत नाही. (अनुभवाचे बोल.) घरातले तर काय सांगू! आमच्या एटीएमचा पिन कालपरवापर्यंत भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे, दूधवाल्याच्या हिशेबाखाली लिहिलेला होता.

झेरॉक्स दुकाने आणि सेवा केंद्रांनी गिऱ्हाइकासमोर फाइल डिलीट करावी, तशी पाटी लावणे प्रशासनाने सक्तीचे करावे आणि जिथे चालते तिथे मास्क्ड आधार निमूटपणे घ्यावे, एवढेच मागणे आहे. मी स्वतः सुरुवात केली. भाडेकरूच्या फॉर्मला सोसायटीत मास्क्ड प्रत जोडली, वर 'फक्त याच कामासाठी' असे लिहून तारीख घातली. दोन दिवसांनी सेक्रेटरी ती परत घेऊन दारात. "आकडे दिसत नाहीत हो काका, नीट झेरॉक्स काढून आणा."

– एक सेवानिवृत्त शिक्षक, सांगली