सूर पुढच्याच्या हाती देण्याचे गाणे

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

यंदा २६ जानेवारीला आमच्या भागातील एका शाळेच्या कार्यक्रमाला निमंत्रित म्हणून गेलो होतो. झेंडावंदन आणि कवायत झाल्यावर सगळे सभागृहात जमले आणि ‘आपल्या सर्वांच्या लहानपणीचे गाणे’ पडद्यावर दाखवले जाणार असल्याचे सूत्रसंचालकांनी जाहीर केले, तेव्हा माझ्या वयाची मंडळी खुर्चीत जरा सावरून बसली. पडद्यावर आले ते मात्र १९८८ चे ‘मिले सुर मेरा तुम्हारा’ नव्हे, तर २०१० च्या प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एका खासगी वाहिनीने काढलेली त्याची नवी आवृत्ती. पाचव्या मिनिटाच्या आसपास प्रमुख पाहुण्यांना निघायची घाई झाल्यामुळे ते मधेच थांबवून भाषण सुरू करण्यात आले आणि त्याबद्दल कोणीही चकार शब्द काढला नाही. गाणे अर्धवट तोडल्याचे कोणालाच काही वाटू नये, हे मला खटकले. म्हणून हे पत्र.

मूळ गाणे १५ ऑगस्ट १९८८ रोजी दूरदर्शनवर प्रथम दिसले. लोकसेवा संचार परिषदेसाठी ते तयार झाले होते. कल्पना सुरेश मलिक यांची, शब्द पीयूष पांडे यांचे आणि चाल बांधणाऱ्यांत आपले अशोक पत्की. लांबी जेमतेम सहा मिनिटे. त्यात कथा नाही, युद्ध नाही, शत्रू नाही, देशाचा जयजयकारही फारसा नाही. तुझा आणि माझा सूर मिळाला तर तो आपला होईल, एवढे एकच म्हणणे डझनभराहून अधिक भाषांतून फिरत राहते. धबधब्याच्या पार्श्वभूमीवर उभे राहून पं. भीमसेन जोशी ते भैरवी रागात उचलतात. गदगच्या कन्नड घरात जन्मलेला, पुण्यात स्थायिक झालेला आणि मराठी अभंगांनी घराघरांत पोहोचलेला हा गवई तेथे हिंदी ओळ गातो, म्हणजे गाण्याला जे सांगायचे आहे ते तेथेच निम्मे सांगून झालेले असते. मैफल भैरवीने संपते आणि हे गाणे भैरवीनेच सुरू होते, यातली गंमत आमच्या गल्लीतल्या तंबोरे बनवणाऱ्या एका वृद्ध कारागिरांनी मला फार पूर्वी दाखवून दिली होती.

मी तेव्हा चौथीत होतो. मिरज हे रेल्वेचे जंक्शन आणि कर्नाटकाच्या वेशीवरचे गाव, त्यामुळे कानडी आम्हाला बाजारात रोज ऐकू येई आणि आमच्या शेजारी रेल्वेत नोकरीला असलेले एक तमिळ कुटुंब राहत असे. दूरदर्शनखेरीज पाहण्यासारखे दुसरे काही नसल्याने हे गाणे वारंवार लागे आणि ते लागले की आम्हा मुलांचा खेळ ठरलेला असे: पुढची ओळ कोणत्या भाषेतली, हे ओरडून सांगायचे. न समजणाऱ्या ओळी मी चौरेघी वहीत कानाला येतील तशा देवनागरीत उतरवून ठेवल्या होत्या. तमिळ ओळीची माझ्या वहीत झालेली दशा पाहून शेजारच्या काकू खळखळून हसल्या आणि मग अंगणात बसवून त्यांनी ती माझ्याकडून नीट म्हणून घेतली. आपली ‘माझ्या तुमच्या जुळता तारा’ ही ओळ अगदी शेवटाकडे, गुजरातीनंतर येते. तोपर्यंत घरात कोणी उठून स्वयंपाकघरात गेले असेल तर त्याला हाक मारून बाहेर बोलावले जाई.

शाळेतल्या त्या सभागृहात मुले असाच ओरडा करत होती. फरक इतकाच, की आम्ही भाषा ओळखत होतो आणि ती नटनट्या ओळखत होती. दोष मुलांचा नव्हे. त्यांच्यापुढे ओळखायला तेवढेच ठेवले होते. मूळ गाण्यात सिनेमाची माणसे नव्हती असे नाही. अमिताभ बच्चन, जितेंद्र आणि मिथुन ही त्या काळातली बडी नावे त्यात आहेत, पण ती तिघे एकत्र, काही क्षणांपुरती येतात. त्याआधी हत्तीवरचा माहूत येऊन गेलेला असतो, कोलकात्याच्या नव्या मेट्रोतून उतरणारी माणसे येऊन गेलेली असतात, समुद्रकिनाऱ्यावर कर्नाटक संगीतातले गायक बालमुरलीकृष्ण येऊन गेलेले असतात. माहुताला जेवढा वेळ, साधारण तेवढाच नटाला. कोणी रेंगाळत नाही; प्रत्येक जण ओळ घेतो आणि पुढच्याच्या हाती देऊन बाजूला होतो. नव्या आवृत्तीत हे देणे-घेणेच राहिलेले नाही. ती सोळा मिनिटांपर्यंत लांबली आहे, कारण बहुतेक पाहुण्यांना स्वतंत्र प्रवेश हवा, वाऱ्यावर उडणारे केस हवेत, आपापल्या ढंगाने ओळ आळवायला मोकळीक हवी. मिरजेत तंबोरा जुळवताना मी पाहिला आहे: कारागीर घोडीवर तारेखालचा सुताचा दोरा केसभर सरकवत राहतो, आणि जवारी, म्हणजे तारेचा भरीव गुंजणारा नाद, लागली की चारांपैकी कोणती तार वाजते आहे हे कानाला वेगळे काढता येत नाही. नव्या गाण्यातल्या तारांना मात्र प्रत्येकीला वेगळे ऐकू यायचे आहे.

न्यायाला धरून दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली, नव्या आवृत्तीतही अभिजात संगीतातले ज्येष्ठ वादक आहेत आणि त्यांची बोटे चालतात तोवर मीही खिळून बसलो होतो. शिवाय कर्णबधिर मुलांसोबत सलमान खान खुणांच्या भाषेत तीच ओळ म्हणतो, तो तुकडा मला मनापासून आवडला. संपूर्ण सोळा मिनिटांत मूळ कल्पना खरोखर एक पाऊल पुढे गेली असेल तर ती तेथे, कारण तेथे एका भाषेची भर पडली. दुसरी गोष्ट, जुने गाणेही निर्दोष नव्हते. गोव्याला ३० मे १९८७ रोजी घटकराज्याचा दर्जा मिळालेला होता आणि गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडा त्या गाण्यात दिसतातही, परंतु कोकणीला त्यात ओळ नाही. ईशान्येच्या डोंगराळ राज्यांच्या भाषांनाही नाही. नवी आवृत्ती काढायचीच होती, तर करण्यासारखे काम एवढे स्पष्ट समोर होते: जे राहून गेले होते त्यांना आत घ्यायचे. त्याऐवजी आधीच जे रोज दिसतात त्यांनाच पुन्हा दाखवण्यात आले.

‘काळ बदलला, मुलांना हेच आवडते’ असे मला त्या दिवशी एका शिक्षकांनी समजुतीच्या सुरात सांगितले. माझा प्रश्न एवढाच आहे, की मुलांना दुसरे कधी दाखवले होते का? माझ्या भाचीला मी परवा मूळ गाणे संगणकावर लावून दिले. जुन्या चित्रीकरणाच्या फिकट रंगांवर ती आधी हसली, मग तिने पहिला प्रश्न विचारला तो असा, की हत्तीवरचा माणूस कोणती भाषा बोलतो आहे.

म्हणून आपल्या वृत्तपत्राद्वारे शाळांना माझी एक विनंती आहे. येत्या १५ ऑगस्टला यांपैकी कोणतेच गाणे पडद्यावर लावू नये. आमच्या शहरात एका वर्गात मराठीबरोबर कानडी, उर्दू, तेलुगू आणि मारवाडी बोलणारी मुले सहज सापडतात. त्यांतल्या प्रत्येकाने घरी आजीला विचारून तेवढी एक ओळ आपल्या भाषेत करून आणावी आणि भैरवीतच म्हणावी. सहा मिनिटांत सगळे आटोपेल आणि प्रमुख पाहुण्यांनाही थांबता येईल. ओळी चुकल्या तर चुकू द्याव्यात. पेटीच्या साथीला मी येईन. सरावासाठी जुलैमधले शनिवार मला मोकळे आहेत.

आपला विश्वासू,
एक वाचक, मिरज