एकटेपणा वेगळा काढून वाचू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंग्रजी साहित्य शिकणारी आपली मुलं आणि वाचनकट्ट्यांवरची मंडळी अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेककडे वळतात ती बहुतेकदा गाईडातल्या तीन मथळ्यांतून : एकटेपणा, सत्ता, हलाखी. मथळ्याखाली चार अवतरणं पाठ केली की विषय आटोपला. 'ऑफ माइस अँड मेन' (1937) ह्या छोट्या कादंबरीचं त्यामुळे फार नुकसान होतं. त्यात हे तीन विषय वेगळे नाहीतच. माणूस एकटा पडतो तो पगारामुळे, राहायच्या जागेमुळे आणि वरच्याच्या शब्दामुळे. ते कसं घडतं, हे लेखकाने आकड्यांनिशी लिहून ठेवलं आहे. ते आकडे गाळले की उरते फक्त दोन मित्रांची रडकथा.

म्हणून ज्यांना हे पुस्तक गटात वाचायचं आहे त्यांनी गाईड आणि सिनेमा दोन्ही आधी बाजूला ठेवावेत. पुस्तक जेमतेम तीस हजार शब्दांचं, सहा भागांचं. एक भाग मोठ्याने वाचायला अर्धा-पाऊण तास लागतो, म्हणजे सहा बैठका. स्टाइनबेकने ते नाटकासारखंच बांधलं आहे आणि त्याच वर्षी ते न्यूयॉर्कला रंगभूमीवरही आलं, त्यामुळे कानाने ऐकलं तर जास्त कळतं. सोबत एक वही ठेवावी. डाव्या पानावर पैशांचा हिशेब, उजव्या पानावर खोल्यांचा नकाशा.

आधी हिशेब. महिन्याचा पगार 50 डॉलर. कॅलिफोर्नियातल्या एका रँचवर, म्हणजे मोठ्या शेतीवाडीवर, मजुरीला आलेल्या जॉर्ज आणि लेनी ह्या दोन मित्रांना हवी असलेली दहा एकर जागा 600 डॉलरना मिळते, म्हणजे एका माणसाने वर्षभर एक सेंटही खर्च न करता साठवलेला अख्खा पगार. सुरुवातीला दोघांच्या खिशात मिळून 10 डॉलर आहेत. तिसऱ्या भागात रँचवरचा म्हातारा गडी कँडी आपला आकडा सांगतो : 300 जमा आणि महिनाअखेर आणखी 50. त्यात दोघांचे शंभर धरले की 450 होतात. स्वप्न पहिल्यांदा आवाक्यात येतं ते इथे. पण त्या तीनशेतले 250 कसले आहेत, ते वाचणाऱ्याने वहीत लाल शाईने लिहावं. रँचवर गमावलेल्या हाताची ती भरपाई आहे. एका हाताचे पाच महिन्यांचे पगार. हात तुटला नसता तर जमिनीची गोष्ट फक्त रात्री बोलायचीच राहिली असती. त्याच हातामुळे कँडीच्या वाट्याला झाडलोट आली आहे, आणि तेही जमेनासं झालं की आपल्याला काढून टाकतील हे त्याला पक्कं ठाऊक आहे.

मग नकाशा. मजुरांची खोली लांबट, भिंतींना चुना, खाटा आठ. पाचांवर कांबळी आहेत, तिन्हींवर नुसतं तागाचं कापड दिसतं. प्रत्येक खाटेच्या वर सफरचंदाचं एक खोकं उघड्या बाजूने खिळ्यांनी ठोकलेलं आहे. त्याचे दोन कप्पे होतात आणि माणसाचं जे काही खाजगी आहे ते त्यात मावतं. गोमंतकीय वाचकाला इथे मुंबईतले गोंयकार क्लब, म्हणजे एकेका गावच्या लोकांनी चालवलेल्या आपल्या कूड, आठवल्याशिवाय राहणार नाहीत. तिथेही तारवटींच्या, म्हणजे बोटीवरच्या खलाशांच्या, ट्रंका भिंतीला ओळीने लागलेल्या असायच्या. पण कूड गावाची असते, तिथे संध्याकाळी सगळे मिळून तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणतात, गावची खबर येते. रँचवरच्या खोलीत गाव नाही. पुढचा महिना कुठे, हेही माहीत नाही. तुलना करायची तर नेमकी ह्या फरकासाठी करावी.

भाटकार-मुंडकार (जमीनमालक आणि त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) ही जोडी तर वर्गात हमखास निघते. मालकाचा उर्मट मुलगा कर्ली वाचताना ती सुचणं साहजिकही आहे. मात्र ती जपून वापरावी. मुंडकार पिढ्यान्पिढ्या त्याच जागेवर राहणारा. 1975 च्या कायद्याने त्याच्या घराला संरक्षण मिळालं, कारण राखण्यासारखं घर मुळात होतं. कॅलिफोर्नियाच्या ह्या मजुराकडे असते एक वळकटी. तो भांडला तर हरत नाही, नुसता पुढच्या रँचकडे चालू लागतो. त्यापेक्षा गोव्यातल्या मालीम किंवा कुटबणच्या जेटीवर परराज्यांतून येणारे ट्रॉलरवरचे खलाशी ह्या कथेच्या जास्त जवळ आहेत.

हे ज्या गावाजवळ घडतं त्याचं नाव सोलेदाद. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ एकांत, एकटेपणा. पोर्तुगीज येणाऱ्या आपल्या जुन्या माणसांना तो सांगावाही लागणार नाही.

सत्तेबद्दल बोलताना सगळे कर्लीच्या मुठीकडे बोट दाखवतात. ते सोपं आहे. खरं पाहायचं असेल तर कँडीच्या कुत्र्याचा प्रसंग सावकाश वाचावा. कुत्रा म्हातारा झाला आहे, त्याच्या अंगाला वास येतो, कार्लसन हा दुसरा मजूर त्याला गोळी घालू म्हणतो. कँडी एकेकाच्या तोंडाकडे पाहतो. सगळ्यांत समजूतदार असलेला स्लिमही कार्लसनचंच बरोबर म्हणतो, आणि तिथे प्रश्न मिटतो. कुणीही ओरडत नाही. कुत्र्याला बाहेर नेलं जातं, खोलीत बोलणं निघतं आणि विझतं, जॉर्ज पत्ते पिसतो, फळ्यांखाली काहीतरी कुरतडल्याचा आवाज येतो. कँडी आढ्याकडे पाहत पडून आहे. गोळीचा आवाज येतो तेव्हा तो हळूच भिंतीकडे कूस बदलतो. ही दीड-दोन पानं वाचणाऱ्याने घाई केली तर शेवटचा भाग हाती लागत नाही, कारण तिथे तेच पिस्तूल परत येतं आणि ते जॉर्जच्या हातात असतं.

सर्वांत जास्त वेळ चौथ्या भागाला द्यावा. क्रुक्स हा रँचवरचा एकटा काळा माणूस. घोड्याने लाथ मारून पाठ वाकडी केलेली. त्याची जागा तबेल्याला टेकून उभ्या असलेल्या छपरीत, खोगिरं-लगामांमध्ये. त्याच्याजवळ फाटका शब्दकोश आहे आणि 1905 चा कॅलिफोर्नियाचा दिवाणी कायदा आहे. शनिवारची रात्र, धडधाकट गडी गावात गेलेले. मंद डोक्याचा लेनी दारात येतो, तेव्हा क्रुक्स आधी आपला हक्क सांगतो आणि मग 'जॉर्ज परत आलाच नाही तर?' असं विचारून त्याला छळतो. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच त्याच्याखाली कुणीतरी आलेलं असतं. नंतर कर्लीची बायको येते. तिला पुस्तकभर नाव नाही. दुसऱ्या भागात ती पहिल्यांदा येते तीही दारात उभी राहून, आत पडलेला उन्हाचा चौकोन अडवत. क्रुक्स तिला बाहेर जायला सांगतो. ती त्याला झाडावर लटकवण्याची भाषा बोलते आणि तो जागच्या जागी नाहीसा झाल्यासारखा होतो. कँडी साक्ष देऊ म्हणतो, ती म्हणते, तुमचं ऐकणार कोण? कँडी कबूल करतो, कुणी नाही. फळीवरचं कायद्याचं पुस्तक तसंच राहतं. पण ही बाईही बोलायला माणूस नाही म्हणूनच आलेली असते. तिला नुसती खलनायिका ठरवणारी उत्तरं परीक्षेत खूप दिसतात. ती चुकीची आहेत.

ज्यांना आणखी मागे जायचं असेल त्यांनी हर्मन मेलव्हिलची 'बार्टलबी' (1853) घ्यावी. शंभर शब्दांना चार सेंट दराने नकला करणाऱ्या कचेरीत एक कारकून गुपचूप राहतो. मालकाला रविवारी सापडतं ते टेबलाखालचं कांबळं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला चीजचा तुकडा. वहीची पद्धत तिलाही लागू पडते.

मराठीत सांगताना दोन चुका टाळाव्यात. जॉर्जला प्रमाण मराठी देऊ नये, तो मास्तर वाटू लागतो. आणि लेनीला बोबडं करू नये, तो साधी, पुन्हापुन्हा येणारी वाक्यं बोलतो, एवढंच. 'रँच'ला मळा म्हटलं की घरची शेती डोळ्यांपुढे येते, तेव्हा रँचच ठेवावं.

चौथी बैठक संपवताना, त्या भागात खोलीच्या वर्णनानंतर क्रुक्स पहिल्यांदा दिसतो ती जागा आणि भागाचा शेवट एकापाठोपाठ वाचावा. दोन्हींत क्रुक्स खाटेवर बसून, सदऱ्याखालून हात घालून आपल्याच पाठीला मलम चोळतो आहे.

आपले नम्र,
फोंडा परिसरातील काही इंग्रजी शिक्षक व वाचक