फॉन्ड्यू फाटते ते आचेमुळे

मा. संपादक,

नाताळ जवळ आला की ‘हॉटेलसारखे चीज फॉन्ड्यू घरी करा’ अशा पाककृती पुरवण्यांत दिसू लागतात. त्यांत ‘चीज वितळवून घ्या’ एवढ्यावर सगळे उरकलेले असते आणि घोडे नेमके तिथेच पेंड खाते. पातेल्यात वर तेल तरंगते, खाली चिवट गोळा बसतो आणि दोष चीजच्या ब्रँडवर जातो. (फॉन्ड्यूचा आमच्या फोंड्याशी काही संबंध नाही. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ ‘वितळलेले’. पावाचे तुकडे काट्याने बुडवून खायचे हे वितळलेले गरम चीज.)

चौघांना चाखण्यापुरते करायचे तर ग्रुयेर २०० ग्रॅम, एमेंटाल २०० ग्रॅम (दोन्ही स्विस चीज), कोरडी पांढरी वाइन १८० मिली, लिंबाचा रस २ छोटे चमचे आणि कॉर्नफ्लॉर १ मोठा चमचा. चीज घरीच किसावे आणि कॉर्नफ्लॉर त्या किसाला कोरडेच चोळावे. नंतर भुरभुरले तर गुठळ्या होतात. जाड बुडाच्या पातेल्याला आतून लसूण चोळून वाइन व लिंबूरस तापवावा. वाफ येऊ लागली की आच अगदी मंद करून किस मूठमूठ घालावा. आधीची मूठ पूर्ण विरघळल्याशिवाय पुढची नको. लाकडी कालथा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवावा. गोल गोल ढवळले की चीज मध्ये गोळा होते. उकळी फुटू द्यायची नाही, कारण फार तापले की प्रथिने आवळतात आणि चरबी बाहेर पडते. शेवटी मिरी आणि जायफळ. मीठ नकोच, चीजमध्ये ते भरपूर असते.

लिंबाने दूध नासते, मग चीज कसे नासणार नाही, अशी शंका अनेकांना येते. इथे उलटे घडते. चीजमधली प्रथिने कॅल्शियमने एकमेकांना बांधलेली असतात. वाइनमधले आणि लिंबातले आम्ल ते कॅल्शियम धरून ठेवते, प्रथिने सैल होतात आणि चरबी मिश्रणातच राहते. वाइन नको असेल तर तेवढेच पाणी आणि लिंबूरस १ मोठा चमचा घ्यावा, पण आंबट वगळू नये.

स्विस चीज महाग पडते. २५० ग्रॅम मुरलेले चेडार आणि १५० ग्रॅम साधे प्रोसेस्ड चीज घेतले तरी चालते. प्रोसेस्ड चीजमध्ये चरबी-पाणी एकत्र धरणारे क्षार असतात, म्हणून ते फाटत नाही. मात्र नुसते तेच वापरले तर चव सपक लागते. मोझरेला टाळावे, ताटापासून तोंडापर्यंत तार लोंबते. स्वित्झर्लंडात शेवटी किर्श नावाची चेरीची दारू घालतात. इथे काजू फेणीचे २ छोटे चमचे पुरेत, त्याहून जास्त घातली तर बाकी सगळ्या चवी झाकून टाकते.

फाटलेच तर फेकू नका. कॉर्नफ्लॉर १ छोटा चमचा थोड्या थंड वाइनमध्ये किंवा लिंबूरसात कालवून घाला आणि आच किंचित वाढवून जोरात घोटा. बहुतेक वेळा सावरते. नुसते दाट झाले असेल तर गरम वाइन चमचाभर घाला, थंड नको.

बुडवायला पोई हा गोव्याचा पाव घेण्याचा मोह होतो, पण ती आतून पोकळ असल्याने काट्यावर टिकत नाही. पोदेराकडचा (पाववाल्याकडचा) उंडो, म्हणजे कडक कवचाचा गोल पाव, बरा. प्रत्येक तुकड्याला कवच हवे आणि काटा मऊ बाजूने कवचापर्यंत गेला पाहिजे. दमट हवेत पाव रात्रीत चामट होतो, तेव्हा तुकडे १५० अंशांवर पाचेक मिनिटे शेकावेत.

चीज जड असते, म्हणून सोबतचे डिप आंबट-तिखट हवेत. २५० ग्रॅम दही फडक्यात बांधून फ्रिजमध्येच चार तास टांगावे, बाहेर ठेवले तर आंबून जाते. त्यातल्या ४ मोठे चमचे चक्क्यात कोकम आगळ १ छोटा चमचा आणि चिमूटभर साखर घालावी. आगळ खारट असते, वेगळे मीठ नको. दुसरे डिप रेशाद मसाल्याचे, म्हणजे लाल मिरची-व्हिनेगरच्या गोव्याच्या वाटणाचे. १ छोटा चमचा मसाला तेलावर दोन मिनिटे परतून, पूर्ण गार करून मेयोनीजमध्ये मिसळावा. गरम घातला तर मेयोनीज फुटते.

पुरवणीत पाककृती छापताना वजने आणि आच तेवढी नक्की द्यावी, ही विनंती. आणि पातेल्याच्या बुडाशी शेवटी धरलेली खमंग खरपुडी घासून टाकू नये, स्विस लोक ती वाटून खातात.

– एक वाचक, फोंडा