वीस टक्के वाढीत वावर कोण सांभाळणार?

मा. संपादक,

'पगार वाढवून दिला की माणसं ऑफिसात परततात' हे मनुष्यबळ विभागांकडून आता सर्रास ऐकू येतं. वाढीचा आकडा बहुधा वीस टक्के असतो. यवतमाळ, वाशीम, बुलडाणा, अमरावतीच्या गावांत बसून पुण्यातल्या कंपन्यांचं काम करणाऱ्या मुलामुलींपुढे तो ठेवला जातो तेव्हा हिशेब कुणी मांडून दाखवत नाही. पगारपत्रकं बनवणं माझं रोजचं काम असल्याने तो इथे मांडतो.

वार्षिक सीटीसी, म्हणजे कंपनीचा एका माणसामागचा एकूण खर्च, 12 लाख धरा. वीस टक्के वाढ म्हणजे 2 लाख 40 हजार, महिन्याला 20 हजार. बेसिक (मूळ पगार) सीटीसीच्या निम्मं आणि पीएफ पूर्ण बेसिकवर असं समजू. वाढलेलं बेसिक 1 लाख 20 हजार. त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 14,400, कर्मचाऱ्याचा तेवढाच, आणि 4.81 टक्क्यांनी ग्रॅच्युइटी 5,772. हे सगळं त्या वाढीतूनच वळतं होतं. मोठा फटका कराचा. आर्थिक वर्ष 2025-26 च्या नव्या करप्रणालीत 75 हजारांची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगाराला कर नाही. 12 लाख सीटीसीवाला या रेषेच्या आत असतो. सीटीसी 14 लाख 40 हजार झाली की तो रेषा ओलांडतो, आणि रेषेच्या थोडं वर गेलेल्याला मिळणारी सीमांत सवलत धरूनही सेससह (उपकरासह) सुमारे 45,700 रुपये कर बसतो. सगळं जाऊन हातात महिन्याला 13,300 येतात. 9 लाखवाल्याला तीच वीस टक्के वाढ मिळाली तर त्याला कर लागत नाही, आणि त्याच्या हातात 12,800 पडतात. वाढीतला काही भाग 'व्हेरिएबल' म्हणून, म्हणजे कामगिरी पाहून द्यायचा, ठेवला असेल तर आणखी कमी. पीएफ आपलाच पैसा आहे हे खरं, पण दर महिन्याचं घरभाडं त्यातून भरता येत नाही.

आणि भाडंच मुख्य आहे. वाकड-हिंजवडीकडे एक बीएचके साधारण 18 ते 25 हजारांत जातो. वर दोन-तीन महिन्यांची अनामत, एका महिन्याची दलाली, अकरा महिन्यांनी करार नवा आणि भाडं चढं. नव्या करप्रणालीत घरभाड्याची सवलतही नाही. म्हणजे कुटुंब घेऊन जाणाऱ्याची वाढ दारातच संपते. अविवाहित मुलगा पीजीत दोघा-तिघांत राहिला तर आठ-दहा हजारांत भागतं. त्याच्यासाठी ही वाढ खरीच वाढ आहे. नवख्याला वरिष्ठाच्या शेजारी बसून जे शिकता येतं ते व्हिडिओ कॉलवर येत नाही, हेही मान्य करायला हवं. त्याने जावं.

ज्याच्या घरी वावर, म्हणजे शेत, आहे, आईवडील सत्तरीकडे झुकले आहेत, त्याचा हिशेब मात्र वेगळा, आणि तो पुण्यात बसून दिसत नाही. सकाळी सहा ते नऊ शेतात आणि दहाला लॅपटॉपवर, या वेळापत्रकावर आज कितीतरी घरांची शेती चालू आहे. कापूस वेचायला बायका किलोवर येतात. संध्याकाळी धुऱ्यावर (बांधावर) काटा धरायला आणि वजन वहीत लिहायला घरचं माणूस लागतं. ते नसलं तर दुसऱ्या दिवशी वाद होतो आणि तिसऱ्या दिवशी बायका दुसऱ्याच्या पऱ्हाटीत जातात. हरभऱ्यात रोही (नीलगाई) आणि रानडुकरं शिरतात, रात्रीची जागल करावी लागते. ई-पीक पाहणीसाठी, म्हणजे पिकाच्या सरकारी नोंदीसाठी, त्या गट नंबरच्या शेतात उभं राहून फोटो काढावा लागतो, तो पुण्यातून निघत नाही. या सगळ्यासाठी सालगडी ठेवायचा तर वर्षाला लाखाच्या वर जातात, म्हणजे वाढीतले महिन्याचे आठ-नऊ हजार तिथेच. भाडं त्याशिवाय.

घरून कामाचं पगारात मोल किती, याचा अभ्यास झालेला आहे. मास आणि पॅलेस या अर्थतज्ज्ञांनी 2017 मध्ये अमेरिकेतल्या कॉल सेंटरच्या अर्जदारांबाबत दाखवलं की घरून काम करायची मुभा मिळावी म्हणून लोक सरासरी 8 टक्के पगार सोडायला तयार असतात. पण तो प्रश्न आहे त्याच घरात राहून कामाला जायचं की नाही, एवढाच होता. आपल्याकडे तर घरच हलवायचं आहे. म्हणून तिथला आकडा उचलून 'वीस टक्के म्हणजे भरपूर झालं' म्हणणं चूक आहे.

आता हायब्रिडबद्दल, कारण खरी गफलत इथेच होते. 'आठवड्यातून तीनच दिवस या' ही सवलत म्हणून सांगितली जाते. ऑफिसपासून वीस किलोमीटरवर राहणाऱ्याला ती सवलत आहेच. दारव्ह्याहून पुणं म्हणजे ट्रॅव्हल्सचा रात्रभराचा प्रवास. तीन दिवस काय नि एक दिवस काय, दर आठवड्याला हजेरी लागली की खोली पुण्यातच करावी लागते, म्हणजे हायब्रिड म्हणता म्हणता पूर्ण स्थलांतर होतं. तेच बारा दिवस महिन्यातून सलग एका वेळी ठेवले, किंवा कामाच्या स्वरूपानुसार पाच-सहा दिवसांवर आणले, तर माणूस गाव न सोडता ते करू शकतो: एक फेरी, पीजी किंवा कंपनीचं गेस्ट हाऊस, एवढंच. काही दिवस घरून काम दिल्याने कंपनीचं नुकसान होत नाही, हेही दिसलं आहे. चीनमधल्या ट्रिप डॉट कॉम या कंपनीत 1,612 कर्मचाऱ्यांवर झालेला प्रयोग 2024 मध्ये 'नेचर'मध्ये छापून आला. आठवड्यातले दोन दिवस घरून काम दिल्यावर नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण तिसऱ्या हिश्श्याने घटलं आणि कामगिरीत फरक पडला नाही. ज्यांची कार्यालयं नागपूरच्या मिहान या उद्योग-आयटी क्षेत्रातही आहेत, त्यांनी या मुलांना तिथे खुर्ची द्यावी. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटर आहे, सकाळी निघून कामाच्या वेळेला पोहोचता येतं.

कंपन्यांची एक तक्रार रास्त आहे: गावात वीज जाते, नेट तुटतं. पण तिला इलाज आहे आणि तो स्वस्त आहे. 150 एएचची ट्यूब्युलर बॅटरी आणि साधा इन्व्हर्टर वीस-पंचवीस हजारांत बसतो. लॅपटॉप 60 वॅट, राउटर 15, पंखा 70. एवढ्या भारावर इन्व्हर्टरची गळती धरूनही सातेक तास निघतात. पावसाळ्यात नेट जाण्याचं कारण बहुधा फायबर नसतं. वीज कडाडली की राउटरचा अ‍ॅडॉप्टर जळतो. म्हणून सर्ज प्रोटेक्टर लावावा, एक अ‍ॅडॉप्टर जास्तीचा ठेवावा आणि ढग भरून आले की प्लग काढून राउटर छोट्या डीसी बॅकअपवर (राउटरच्या छोट्या बॅटरीवर) चालवावा. फायबर तुटतं ते रस्त्याच्या नाहीतर पाइपलाइनच्या खोदकामात, जेसीबीच्या फावड्याने. त्यासाठी दुसऱ्या कंपनीचं सिम असलेलं डोंगल हवं. एकाच कंपनीची दोन सिमं घेतली तर एकाच टॉवरवर दोन्ही झोपतात. हे सगळं उभारायला तीस-पस्तीस हजार पुरतात. वर्षाला 2 लाख 40 हजार वाढ द्यायची तयारी असलेल्या कंपनीने आधी हे देऊन पाहावं.

तरीही जायचं ठरलंच, तर सही करण्याआधी नियुक्तिपत्रातलं 'बेस लोकेशन', म्हणजे कामाचं मूळ ठिकाण, वाचा. तिथे पुणं लिहिलेलं असेल तर तुमचं येणं कंपनीच्या लेखी बदली ठरत नाही आणि स्थलांतर भत्ता मागायचा आधार कमकुवत होतो. गावाचं नाव किंवा 'रिमोट' लिहिलेलं असेल तर तो कागद जपून ठेवा. वाढ फिक्स्डमध्ये, म्हणजे ठरलेल्या पगारात, मागा. टिकून राहावं म्हणून मिळणारा 'रिटेन्शन बोनस' घेतला तर वर्ष-दोन वर्षांत नोकरी सोडल्यावर तो परत करायची अट असते, आणि बऱ्याचदा कापलेल्या टीडीएससकट पूर्ण रक्कम मागितली जाते. अनामत, दलाली आणि सामान हलवण्याचा खर्च वाढीत मिसळू देऊ नका, वेगळा लिहून घ्या. आणखी एक: एकदम मोठी वाढ घेतलेला माणूस त्याच्या पगारश्रेणीच्या वरच्या टोकाला पोहोचतो, त्यामुळे पुढची दोन-तीन वर्षं त्याची वार्षिक वाढ इतरांपेक्षा कमी निघते. भाडं मात्र दर अकरा महिन्यांनी वाढतच राहतं.

आदेशाच्या वेळेचाही विचार कंपन्यांनी करावा. आपल्याकडे सालगडी गुढीपाडव्याला ठरतो, वर्षभरासाठी. 'महिनाभरात हजर व्हा' असा मेल जुलैत आला तर पेरणी झालेली असते, कामाची माणसं आधीच दुसरीकडे बांधलेली असतात आणि दुप्पट पगार दिला तरी गडी मिळत नाही. विदर्भातल्या गावांतून काम करणाऱ्यांना परत बोलवायचंच असेल तर पुढच्या पाडव्यापर्यंत मुदत द्यावी.

आपला,
एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ