आमच्या घरात समाजवादाला ‘बोर्ड’ म्हणत

मा. संपादक,
स. न.

घटनेच्या उद्देशिकेतला ‘समाजवादी’ हा शब्द ठेवावा की काढावा, यावर आपल्याकडे जी पत्रांची जुगलबंदी चालली आहे, ती मी रोज सकाळी चहाबरोबर वाचतो. एका बाजूला माझ्या वयाचे लोक, शब्द गेला तर सगळंच गेलं म्हणणारे. दुसऱ्या बाजूला तरुण मंडळी, समाजवाद म्हटलं की ज्यांना रॉकेलची रांग आठवते. म्हणजे पाहिलेली नाही, आईबापांकडून ऐकलेली. शब्द काढण्याच्या याचिका सर्वोच्च न्यायालयाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी फेटाळल्या, पण आमच्या घरातला खटला अजून सुरूच आहे.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, वेल्ह्याकडून पुण्यात आले आणि भवानी पेठेतल्या भुसार बाजारात हमाल झाले. शंभर किलोचं पोतं ट्रकच्या फाळक्यावरून पाठीवर घ्यायचं, फळीवरून तोल सांभाळत गोदामात न्यायचं आणि थप्पी लावायची. मानेच्या खाली त्यांना लिंबाएवढा घट्टा पडला होता. लहानपणी मी तो अंगठ्याने दाबून बघायचो. त्यांना काही कळायचंच नाही, जेवत राहायचे.

दादांना मालक कोण, हे कधी सांगता आलं नाही. सकाळी एका शेठचा गूळ, दुपारी दुसऱ्याची तूर, संध्याकाळी ट्रान्सपोर्टवाल्याचा माल. हा आपला नोकर आहे, असं म्हणायला त्यातला एकही तयार नसे. उचल मात्र सगळ्यांकडून घेतलेली, त्यामुळे पाय बांधलेले. पाठ धरली की घरी बसायचं, आणि घरी बसलं की चूल बंद.

यावरचा तोडगा याच महाराष्ट्राने काढला. १९६९ चा माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या कामगारांचा, कायदा. मुंबईत अण्णासाहेब पाटील, पुण्यात हमाल पंचायत ही हमालांची संघटना आणि तिचे नेते बाबा आढाव, अशा अनेकांनी रेटा लावला. कायद्याची गंमत अशी की मालक एक नाही म्हणून हक्क नाहीत, ही पळवाटच त्याने बुजवली. व्यापारी आणि हमाल दोघांनी कायद्याने नेमलेल्या मंडळाकडे नोंद करायची. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची जादा रक्कम, मंडळात भरायची, मंडळाने हमालाला पगार द्यायचा आणि लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, रजेचा पैसा बघायचा. मंडळावर हमाल, व्यापारी, सरकार, तिघांचे प्रतिनिधी. आमच्या दादांपर्यंत ते पोचायला पुढे बरीच वर्षं गेली, पण पोचलं.

आमच्या घरात ‘समाजवाद’ हा शब्द कुणी उच्चारलेला मला आठवत नाही. या मंडळाला ‘बोर्ड’ म्हणायचे. बोर्डातून पैसे आले, बोर्डाचं पासबुक कुठे ठेवलंय, बोर्डात विचार. आणि स्वातंत्र्याचं म्हणाल तर एक दिवस पक्का लक्षात आहे. दादा दुपारीच घरी आले, हातातला पोती ओढायचा आकडा खुंटीला टांगला आणि आईला म्हणाले, “आज शेठला नाही म्हणालो.” पोतं फाटलेलं होतं, वजनही जास्त वाटत होतं. शेठ म्हणाला, उद्यापासून येऊ नकोस. दादा दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला गेले, कारण या किंवा नका येऊ हे सांगणं आता एकट्या शेठच्या हातात उरलं नव्हतं. आईने त्या रात्री काही गोडधोड केलं नाही की काही नाही. उलट काळजीने तिला झोप लागली नाही.

आता आणीबाणी. आमच्या पिढीचं त्याबाबतीत फार लवकर एकमत होतं, म्हणून सांगतो. मी तेव्हा कॉलेजात होतो. बाबा आढाव येरवड्याच्या तुरुंगात होते. तरी हमालांमध्ये बाईंची, म्हणजे इंदिरा गांधींची, स्तुती करणारे होते. साठेबाजांवर धाडी पडत होत्या, भाव खाली आले होते, कधी नव्हे ते व्यापारी घाबरलेले त्यांना दिसत होते. दादा स्तुतीही करत नसत आणि टीकाही. “आता भांडायचं कुणाशी?” एवढंच म्हणत.

शब्दावर हातघाईला येणाऱ्या दोन्ही बाजूंच्या पत्रलेखकांसाठी एक गोष्ट. सप्टेंबर १९७५ मध्ये वटहुकूम निघाला आणि कामगारांचा किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला. पुढच्याच वर्षी ४२ वी घटनादुरुस्ती होऊन उद्देशिकेत ‘समाजवादी’ शब्द घातला गेला. संप करायची सोय नाही, पुढारी आत, बोनस निम्म्याहून कमी, आणि पुस्तकात समाजवाद! नंतर आलेल्या जनता सरकारने ४४ व्या दुरुस्तीने बरंच काही परत फिरवलं, हा शब्द मात्र तसाच ठेवला.

आणि हा शब्द घटनेत नको, असं डॉ. आंबेडकर स्वतः संविधान सभेत म्हणाले होते, १५ नोव्हेंबर १९४८ रोजी, तो घालावा अशी दुरुस्ती सुचवणाऱ्या प्रा. के. टी. शहांना उत्तर देताना. शब्द काढा म्हणणारे हे आवर्जून सांगतात. पण अर्धंच सांगतात. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांना ठरवू द्या, ते आजच बांधून टाकलं तर लोकांचं स्वातंत्र्यच काढून घेतल्यासारखं होईल, हे त्यांचं म्हणणं होतंच. त्याचबरोबर, मार्गदर्शक तत्त्वांमध्ये समाजवादी आशय आधीच आहे, मग वेगळा शब्द कशाला, असंही ते म्हणाले होते.

माझं स्वतःचं सांगायचं तर मी बँकेत चिकटलो, राष्ट्रीयीकृत बँकेत. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं नसतं आणि पुढे खेडोपाडी शाखा निघाल्या नसत्या, तर हमालाचा पोरगा काउंटरच्या आतल्या बाजूला बसला असता का, याची मला शंका आहे. पण माझी लेक (हिंजवडीत आयटीत आहे, वय चाळीस) माझ्यावर डोळे वटारते तेही खोटं नाही. “पप्पा, तुम्ही आत बसलात, पण बाहेरच्यांना काय दिलंत?” डिमांड ड्राफ्टसाठी लोक तासन् तास ताटकळायचे आणि आम्ही ‘जेवणाची सुट्टी’ची पाटी फिरवून डबे उघडायचो. मी स्वतः टेलिफोनसाठी इतकी वर्षं थांबलो की तो आला तेव्हा ज्यांना फोन करायचा होता त्यातले दोघे वारले होते. चेतक स्कूटरसाठी नंबर लावून वाट बघत बसलो, ती गोष्ट तर ती नातेवाइकांत रंगवून सांगते. तिच्या लेखी स्वातंत्र्य म्हणजे १९९१ नंतरचं, बाजार खुला झाल्यावरचं. नोकरी नाही पटली, बदलली. तिला बोर्ड माहीत नाही, आणि एचआर आवडत नाही.

खरं भांडण मात्र थोरल्या भावाच्या घरी झालं. भावाने दादांचीच हमालांची टोळी धरली होती. बाजार भवानी पेठेतून गुलटेकडीला मार्केट यार्डात आला, तो तिथून निवृत्त झाला. त्याचा नातू बावीस वर्षांचा, बीकॉम, ॲपवर डिलिव्हरी करतो. मी एकदा म्हटलं, तुमचंही बोर्ड पाहिजे. तो हसला. “आबा, मुकादमाच्या हाताखाली कोण राहणार? वाटलं तर लॉगिन केलं, नाही वाटलं तर झोपलो. माझा मालक कोणीच नाही.” वर म्हणाला, तुमच्या टोळीत तरी बाहेरच्याला कुठे घेत होते? यावर भाऊ गप्प बसला. पोराचं खरं होतं. टोळीत शिरायला नात्यागोत्याचा माणूस लागायचा. शिवाय माल न उचलता पैसे उकळणारे बोगस माथाडीही या कायद्याच्या नावावर पोसले गेले, हे कारखानदार सांगतात तेही सगळंच बनावट नाही.

मग जुलैत, भर पावसात, या मुलाची आयडी ब्लॉक झाली. पार्सलमधली एक वस्तू मिळाली नाही, अशी कोण्या गिऱ्हाइकाची तक्रार. मी त्या संध्याकाळी तिथेच होतो. ओला रेनकोट दारात टाकून तो जमिनीवर बसला आणि मोबाइलवर लिहायला लागला. पलीकडून उत्तर लगेच आलं, तुमची अडचण आम्ही समजू शकतो. त्याने परत लिहिलं. परत तेच उत्तर, शब्दाचाही फरक नाही. चौथ्या वेळी भावाने चष्मा लावून स्क्रीनकडे पाहिलं आणि विचारलं, “हा कोण आहे? कुठे बसतो?” पोराला सांगता येईना. तीन दिवसांनी आयडी आपोआप चालू झाली. का बंद झाली होती, कळलं नाही. तीन दिवसांचा पेट्रोलचा खर्च वाचला, असं तो म्हणाला, पण हसला नाही.

मला तेव्हा दादांचं ‘आता भांडायचं कुणाशी?’ आठवलं. ते बाईंच्या राज्यात म्हणाले होते, हा बाजाराच्या राज्यात तेच म्हणतोय. दोन्हीकडे नाही म्हणायला जागा नाही. याला फक्त घरी झोपायची मुभा आहे.

सकाळी एकाचं जेवण, दुपारी दुसऱ्याचं किराणा सामान, कुणीही मालक नाही. १९६९ च्या कायद्याने जो पेच सोडवला, तोच हा. ॲपवर काम करणाऱ्यांसाठी राजस्थानने २०२३ मध्ये कायदा केला, कर्नाटकने २०२५ मध्ये. मंडळ, नोंदणी आणि प्रत्येक व्यवहारामागे कल्याण निधीसाठी शुल्क, अशी त्याची बांधणी आहे. लेव्हीची ही कल्पना ज्या महाराष्ट्रात पन्नासहून अधिक वर्षं राबली, तिथल्या आमदारांना ती कुणी समजावून सांगावी, अशी वेळ यावी का? मंडळ करताना टोळीची दारं बंद करण्याची जुनी चूक टाळावी आणि आयडी बंद केल्यावर कारण विचारायला एक टेबल, एक खुर्ची आणि खुर्चीवर एक माणूस असावा. भावाच्या नातवाला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, बोर्ड म्हणू नका, म्हातारं वाटतं, बाकी चालेल.

पत्र लांबलं आहे, याची कल्पना आहे. जागेअभावी कापावं लागलं तर माझ्या टेलिफोनचा आणि स्कूटरचा मजकूर खुशाल कापा, बोनसचा तेवढा ठेवा.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
बिबवेवाडी, पुणे