गोव्याहून बाबांना

म्हापसा, 3 मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर "अजून भट्टीवरच आहेस का?" एवढं विचारलंत आणि फोन आईकडे दिलात. म्हणून लिहायला बसलो. आजीला सांगा, परदेशातून पत्र आलंय. तिच्या लेखी गोवा 1961 च्या आधी होता तिथंच आहे, पोर्तुगीजांकडे.

बाबा, मी गुऱ्हाळावर आहे असं समजा. थट्टा नाही. चुलवाणापाशी वाढलो म्हणूनच बिअर बनवायचं हे काम मला चटकन उमजलं. इथं उसाच्या जागी सातू. त्याला मोड आणून वाळवलेलं असतं, आई नाचणीचं करते तसंच; त्याला माल्ट म्हणतात. ते भरडून 65 ते 67 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की पिठाची साखर होते आणि गोड रस उतरतो. तो काहिलीएवढ्या टाकीत तासभर उकळायचा. त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुलं पडतात, कडवटपणासाठी. आणि शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत समुद्रातल्या शेवाळाची भुकटी, रस निवळावा म्हणून! पहिल्यांदा ती टाकताना बघितली आणि आपला गुळव्या मळी काढायला काहिलीत भेंडीचा रस ओततो ते आठवलं. चोथा वाया जात नाही, गवळी टेम्पो घेऊन येतो.

फरक पुढं आहे. तुमची ढेप त्याच दिवशी बांधून होते. माझा रस गार करून यीस्ट घातलं की एल नावाच्या बिअरला दोनेक आठवडे, लागर नावाच्या दुसरीला महिन्याच्या वर नुसतं थांबायचं. थांबायचं आणि धुवायचं. निम्मा दिवस टाक्या आणि पाइप धुण्यात जातो. हाताला वास येतो तो कॉस्टिकचा.

पूर्वी गोव्याची बिअर म्हटलं की किंग्ज. छोट्या ब्रुअरींचं वेड आपल्याच पुण्यात 2009 साली डूलालीनं लावलं, ते इकडे उशिरा पोचलं. 2018 मध्ये सांगोल्ड्याच्या गोवा ब्रुइंग कंपनीनं हणजुण्याच्या एका जुन्या हिप्पीचं, आठबोट्या एडीचं, नाव बिअरला दिलं. डिचोलीतल्या लाटंबार्से गावाचं नाव लावणारी ब्रुअरी 'माका दी' विकते, म्हणजे 'मला दे'. मागायला याहून सोपं नाव नसेल.

आता लोक समुद्राइतकेच टाक्या बघायला येतात. शनिवारी मी त्यांना फिरवतो, लाकडी फळीवर चार छोटे ग्लास मांडतो. निम्मे पुण्या-मुंबईचे, मी मराठीत सुरू झालो की दचकतात. एका काकांनी विचारलं, "घरी सांगितलंयस का?" म्हटलं, सांगितलंय, ऐकलेलं नाही.

एक मात्र खटकतं. सध्या मागच्या डोंगरावर काजू पिकलाय. बोंडं तुडवून काढलेला रस शेजारच्या भाटीवर चढतो, पहिल्या धारेचा हुर्राक उतरतो. त्यापुढच्या फेणीला 2009 पासून भौगोलिक मानांकनही आहे. पण तो वास आला की हेच पाहुणे नाक धरतात आणि जर्मनीहून आलेल्या हॉप्सची मूठ हुंगून डोळे मिटतात. शेजारच्या आजोबांना त्याचं काही नाही. "त्यांकां कितें कळटा," म्हणतात आणि जाळ सारतात.

मालकांनी मला पन्नास लिटरची टाकी प्रयोगाला दिली आहे. काळ्या बिअरमध्ये, स्टाउटमध्ये, काकवी घालून बघायची आहे. आपलं गुऱ्हाळ बंद व्हायच्या आत पाच किलो काढून ठेवाल का? रंग उजळायची हायड्रोस पावडर न घातलेली, आणि जरा जास्त आटवलेली. किती, ते गुळव्यालाच ठरवू द्या. बसच्या ड्रायव्हरकडे दिलीत तरी चालेल. स्वतः घेऊन आलात तर म्हापशाच्या स्टँडवर उभा राहीन.

आई-आजीला नमस्कार.

तुमचा,
बाळू