दिग्याच्या मिशीचा दाखला

अंबाजोगाई

प्रिय दिग्या,

दिवाळीपासून तुझा एक फोन उचलला नाही. शिव्या देऊन झाल्या असतील तर पुढं वाच. आम्ही ठीक, आईचे गुडघे तसेच.

सोहमचं निदान झालं. लेकराला 16 पूर्ण झाली तरी आवाज फुटला नाही, काखेत केस नाही. पोराला 14 पर्यंत काहीच सुरुवात नसेल तर दाखवायचं असतं म्हणे. आमच्याकडं घरीदारी एकच दाखला: "तो दिग्या नाही का, बारावीत मिशी फुटली, अन् आता बघा अस्वल!" तुझ्या मिशीनं दोन वर्षं खाल्ली, लेका.

शेवटी संभाजीनगरला हार्मोनच्या डॉक्टरांकडं नेलं. डाव्या पंजाचा एक्स-रे काढला, हाडांचं वय 12! मग ड्रॉवरमधून लहानमोठ्या मण्यांची माळ निघाली. म्हटलं, आता जपाला बसवतात का काय! अंडकोषाचं माप घ्यायची होती ती. नाकाला वास कळतो का, हेही विचारलं. कळतो. रक्तात एलएच, एफएसएच (अंडकोषांना कामाला लावणारे हार्मोन) अन् टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन), तिन्ही तळाला. डोक्याच्या एमआरआयमध्ये गाठ नाही (हिनं लगेच योगेश्वरीची ओटी भरली), पण पिट्युटरी, म्हणजे मेंदूखालची हे हुकूम सोडणारी ग्रंथी, तीच बारकी. वरून हुकूमच सुटत नाही, खालचे कामाला कसे लागणार? तुझं नुसतं उशिरा आलं. ह्याचं आपोआप येणार नाही. थायरॉईड, कॉर्टिसॉल बरं निघालं. उंचीच्या हार्मोनची तपासणी व्हायचीय. आता महिन्याला टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन, कमी डोसपासून. पुढं बाप व्हायला वेगळी इंजेक्शनं असतात, तेही विचारून ठेवलं. हसू नकोस.

पण माझा घोर निराळाच. लातूरच्या हॉस्टेलवर हा पोरं उठायच्या आत अंघोळ उरकतो. कुरिअरवाला फोनवर 'ताई' म्हणाला, तेव्हापासून अनोळखी नंबर उचलत नाही. सुट्टीत माझ्या रेझरनं नसलेली मिशी तासली अन् ओठ कापून घेतला. परवा विचारतो, "दिग्याकाकासारखं होईल ना माझं?"

काय सांगू? तुला सगळा वर्ग 'दिगूबाई' म्हणायचा, पण कबड्डीत चावलास तो मलाच. व्रण आहे अजून, नाही म्हणू नकोस.

वहिनींची बदली झाली म्हणे, बरं झालं. पोरीला आशीर्वाद.

सोहमला रविवारी फोन कर, टेस्ट संपल्यावर. 'धीर धर, होईल आपोआप' एवढं मात्र म्हणू नकोस. त्या वर्षांत पोरांत कसा वावरलास, ते सांग. आणि परळीच्या तुझ्या ताईला यातलं अक्षर बोलू नकोस, नाहीतर इंजेक्शनच्या आधी बातमी लातूरला पोचायची.

तुझा,
बाळ्या